पट्टी राहते, नाव जातं: परड्यातल्या झाडांसाठी टाकाऊ सामानातून टिकाऊ नावपट्ट्या

मृगात झाडाशेजारी रोवलेली नावाची पट्टी दिवाळीत बघितली, तर बहुतेक वेळा पट्टी जागेवर असते आणि नाव गेलेलं असतं. मार्करची शाई उडालेली असते, चिकटपट्टीखालच्या कागदाचा लगदा झालेला असतो, नाहीतर लाकडी काडी मातीच्या काठाशी कुजून आडवी पडलेली असते. घरगुती पट्टी दोनच ठिकाणी हार खाते: एक अक्षरात आणि दुसरं माती व हवा भेटतात त्या बोटभर जागेत. म्हणून घरात काय उरलंय हे शोधण्याआधी नाव कशानं उमटवायचं आणि पट्टी कशावर उभी राहणार, हे ठरवा. त्यानंतर सामान सापडतंच.

आपल्या बेळगाव भागात हवामानाची दोन टोकं आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात चार महिने धो धो पाऊस असतो. तिथं पट्टीवर शेवाळ चढतं, लाकूड कुजतं, चिकटवलेलं काहीही सुटतं. अथणी, रायबागकडं पाऊस कमी, पण मार्च ते मे उन्हात प्लास्टिक पापडासारखं कडक होतं. बेळगाव, निपाणी, चिकोडीत दोन्ही थोडं थोडं सोसावं लागतं. एकाची पट्टी दहा वर्षं टिकली म्हणून ती दुसऱ्याच्या गावात टिकेलच असं नाही.

पट्टी कुणाला हवी

केळ, नारळ, तुळस यांना पट्टीची गरज नाही. पट्टी खरी लागते ती तीन प्रकारच्या झाडांना.

पहिला प्रकार म्हणजे एकसारखी दिसणारी रोपं. संकेश्वरी, ब्याडगी आणि लवंगी मिरचीचं तरू एकाच वाफ्यात टाकलं की फळ धरेपर्यंत कोणतं कुठलं ते कळत नाही. दोडका आणि घोसाळ्याचंही तसंच.

दुसरा प्रकार जमिनीखाली झोपणाऱ्यांचा: हळद, आंबेहळद, सुरण, करांदे, भुईचाफा. थंडीत यांची पानं वाळून जातात आणि वळवाचा पाऊस पडेपर्यंत वर काहीच दिसत नाही. याच काळात कुणीतरी तिथं कुदळ मारतं. हळद आणि आंबेहळदीची पानं तर उगवल्यावरही जवळजवळ सारखी दिसतात, फरक कळतो तो गड्डा मोडून वास घेतल्यावर. या झाडांची पट्टी निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही, टिकलीच पाहिजे.

तिसरा प्रकार कलमांचा. आंब्याचं कलम फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात. रोपवाटिकेतला कागद किंवा प्लास्टिकचा बिल्ला तेवढा काळ राहत नाही. कलम घरी आणल्या दिवशीच त्याची पक्की पट्टी करा, पुढच्या रविवारवर ढकलू नका.

पट्टीवर चार गोष्टी पुरतात: झाड, जात, लावल्याचा महिना-वर्ष आणि कुठून आणलं. तारीख ५/६/२५ अशी लिहू नका, चार वर्षांनी पाच हा दिवस की महिना असा घोळ होतो. ‘जून २५’ किंवा ‘मृग २५’ लिहावं. परड्यात काम करणारी माणसं कन्नड बोलणारी असतील तर खाली कन्नड नावही घाला. कढीपत्त्याखाली करिबेवु, शेवग्याखाली नुग्गे, जास्वंदीखाली दासवाळ, हळदीखाली अरिशिण. दोडका म्हणजे हिरेकायी आणि घोसाळं म्हणजे तुप्पद हिरेकायी. इथं एक शब्द गाळला तरी वेल बदलतो, म्हणून नाव पूर्ण लिहा.

नाव कशानं लिहायचं

बॉलपेनची शाई सगळ्यात आधी जाते. ‘परमनंट’ म्हणून मिळणारा मार्कर पाण्यात पुसला जात नाही, हे खरं. पण उन्हात तो टिकत नाही. त्यातला रंग विरघळणाऱ्या प्रकारचा असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात. लाल फार लवकर फिका पडतो, काळा थोडा जास्त तग धरतो, पण पूर्ण उन्हात त्याच्यावर एका हंगामापलीकडं भिस्त ठेवू नये. वरून पारदर्शक नेलपॉलिश लावून अक्षर वाचवायला गेलात तर नेलपॉलिशमधलं द्रावण शाईलाच विरघळवतं आणि ब्रशच्या पहिल्या फटक्यात नाव फराटलं जातं. चिकटपट्टीचाही उपयोग नाही. तिच्या कडेतून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही.

साधी पेन्सिल मात्र टिकते. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे शुद्ध कार्बन, ऊन त्याचं काहीच करू शकत नाही. फक्त पृष्ठभाग खरखरीत हवा. गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल घसरते. २२० नंबरचा पॉलिश पेपर आठ-दहा वेळा फिरवला की तेच प्लास्टिक कागदासारखं अक्षर धरतं. २बी किंवा ४बी पेन्सिल घ्या, एचबी फिकी उठते.

पेन्सिलीपेक्षा पक्कं म्हणजे दाबून कोरलेलं अक्षर. धातूच्या पातळ पत्र्यावर खड्डा पाडून लिहिलेल्या नावात शाई नसतेच, त्यामुळं उडून जायलाही काही नसतं. ऑइल पेंटनं ब्रशनं लिहिलेलं अक्षरही चांगलं चालतं, कारण त्यात रंगाची भुकटी असते, विरघळणारा रंग नसतो. पण तो रंग ज्यावर बसतो ती जागा कोरडी आणि स्वच्छ नसेल तर अख्खं अक्षर पापुद्र्यासारखं निघतं.

ऑफसेट प्लेट आणि शीतपेयाचे डबे

कायमच्या झाडांसाठी आमची पहिली पसंती छापखान्यातल्या वापरलेल्या ऑफसेट प्लेटला. या प्लेटा ॲल्युमिनियमच्या असतात, जाडी ०.१५ ते ०.३ मिमी, म्हणजे साध्या कात्रीनं कापता येतात आणि वाऱ्यानं दुमडत नाहीत. लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही छापखान्यात काम झालेल्या प्लेटा भंगारात द्यायला बाजूला ठेवलेल्या असतात. किलोच्या भावानं मागा. साधारण १५ × २० इंचांची एक प्लेट मिळाली तर १० सेंमी लांब आणि २.५ सेंमी रुंद अशा ६० पट्ट्या निघतात. एका घराच्या परड्याला एक प्लेट भरपूर झाली.

प्लेटवरची शाई रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा, मग भांड्याच्या साबणानं धुवा, नाहीतर तेलकटपणा राहून पेन्सिल धरत नाही. प्लेटची छापायची बाजू बारीक दाणेदार असते. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं तर तेही वर्षानुवर्षं राहतं. म्हणून आधी पेन्सिलीनं लिहून घ्या आणि त्याच अक्षरांवरून दाबून गिरवा. नाव दुहेरी पक्कं होतं.

प्लेट नाही मिळाली तर शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा चालतो, फक्त तो बराच पातळ, ०.१ मिमीच्या आसपास. आधी डब्याला चुंबक लावून बघा. चिकटला तर तो लोखंडी आहे, पावसाळ्यात गंजेल. डबा धुऊन वाळवा. हातात जाड कापडी मोजे घाला, कारण कापलेली कड ब्लेडसारखी असते. वरच्या कडेखाली जुन्या सुरीच्या टोकानं भोक पाडा, तिथून कात्री घालून वरचं झाकण गोल कापून काढा, मग उभी चीर देऊन तळही कापा. सरळ कडांचा सुमारे २० × ९ सेंमीचा पत्रा उरतो. तो वळलेला असतो. टेबलाच्या कडेवरून उलट्या बाजूनं तीन-चार वेळा ओढला की सपाट होतो. त्याच्या २.५ सेंमी रुंदीच्या ८ पट्ट्या होतात. लिहायचं ते आतल्या रुपेरी बाजूवर, छापील रंगाच्या बाजूवर नव्हे.

पुढची कृती दोन्हींना सारखीच. चारही कोपरे गोल कापा. भोक पाडायच्या टोकाला पट्टी १ सेंमी दुमडून दुहेरी करा आणि कड पक्कडीनं चेपा. ही पायरी गाळली की वाऱ्यात पट्टी हलून भोकापासून कडेपर्यंत फाटते. डब्याच्या पट्ट्या हरवतात त्या बहुतेक याच कारणानं. दुहेरी भागात, कडेपासून निदान ५ मिमी आत, लाकडावर ठेवून खिळ्यानं २ मिमीचं भोक पाडा.

लिहिताना खाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या ठेवा. कडक फरशीवर लिहिलं तर खोल खड्डा पडत नाही, फार मऊ गादीवर लिहिलं तर पत्राच वाकतो. रिफिल संपलेला बॉलपेन घ्या; त्याची गोळी फिरत जाते आणि पत्रा फाटत नाही. करकटक किंवा खिळा वापरू नका, तो पत्रा दाबत नाही, खरवडतो, आणि पातळ डब्यात आरपार जातो. अक्षराची उंची निदान ८ मिमी ठेवा.

देवनागरीचा एक त्रास इथं आहे, तो शिरोरेघेचा. एकाच दमात लांब रेघ जोरानं ओढली की पत्रा त्या रेघेवर दुमडतो आणि पुढं तिथंच तुटतो. अक्षरं आधी दाबून लिहा, रेघ शेवटी आणि हलक्या हातानं, प्रत्येक शब्दावर वेगळी ओढा. डब्याच्या पत्र्यावर तर रेघ सोडून दिलीत तरी चालेल, नाव वाचता येतं. जोडाक्षरं गिचमिड होतात, म्हणून ‘संकेश्वरी’सारखा शब्द दोन ओळींत न तोडता पट्टीच्या पूर्ण लांबीत लिहा. एकदा लिहून झालं की तेच अक्षर परत दोनदा गिरवा. अक्षर ठळक हवं असेल तर खाचेत काळा ऑइल पेंट बोटानं चोळा आणि वरचा लगेच फडक्यानं पुसा.

ॲल्युमिनियमचे दोन वैरी आहेत आणि दोन्ही आपल्याकडं घरोघर असतात. एक तांबं. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तांब्याची तार दिसायला छान, बांधायला मऊ, पण ओल्या हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि पट्टी गळून पडते. दुसरा वैरी बोर्डो, म्हणजे झाडांना लावायचं चुना-मोरचुदाचं बुरशीनाशक. आंबा, काजू, सुपारीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावताना पट्टी काढून ठेवा. त्यातला चुना आणि तांबं मिळून पातळ पत्र्याची चाळणी करतात. फवारणी करताना पट्टीवर उडालंच तर पाण्यानं धुवा.

जस्ताच्या पत्र्यावर मोरचुदाची शाई

पन्हळी पत्र्याचे किंवा पाण्याच्या टाकीच्या झाकणाचे तुकडे घरात पडलेले असतील, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पत्र्याच्या कामाच्या शेडमध्ये कातरण मिळत असेल, तर ही जुनी पद्धत करून बघण्यासारखी आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते जस्ताला लागलं की जस्त विरघळतं आणि त्या जागी तांब्याचा बारीक काळा थर बसतो. म्हणजे शाई पत्र्यावर नुसती लागत नाही, पत्र्याचाच तेवढा भाग काळा होतो. लोखंडाला जस्ताचा मुलामा दिलेलाच पत्रा हवा. रंगीत लेपाच्या पत्र्यावर हे होत नाही.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या टाकाऊ बाटलीत ५० मिली पाणी घ्या आणि त्यात अर्धा चहाचा चमचा, म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम, कुटलेलं मोरचूद विरघळवा. लोखंडी भांडं नको, मोरचूद त्यावरच तांबं चढवून बसेल. याच कारणानं लोखंडी टाकही चालत नाही. बांबूचा बोरू करा: पेन्सिलीएवढ्या जाड कळकाच्या काडीचं टोक तिरकं छाटून मधे बारीक चीर द्या. पत्रा बारीक पॉलिश पेपरनं घासा, राखेनं धुवा, आणि धुतल्यावर लिहायच्या जागेला बोट लावू नका. बोटाचा तेलकट ठसा जिथं असेल तिथं अक्षर उमटत नाही.

बोरूनं लिहिलं की काही सेकंदांत अक्षर काळं पडू लागतं. दोन-तीन मिनिटं थांबा, पाण्याखाली हळूच धरा, उन्हात वाळवा आणि वरून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. अजून गडद करायच्या नादात चार-चार वेळा गिरवू नका. जस्ताचा थर पूर्ण खाल्ला गेला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि वर्षभरात नावाच्या जागी गंजाची रेघ उरते. पहिला प्रयोग एका कोपऱ्यात करा.

मोरचूद विषारी आहे. रबरी मोजे घाला, डोळ्यांना जपा, लहान मुलांच्या हाताशी आणि स्वयंपाकघरात ते ठेवू नका. उरलेलं द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात ओतू नका, थोड्याशा प्रमाणातही ते माशांना मारतं. बाटलीवर नाव लिहून फवारणीच्या सामानात ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

भाज्यांसाठी प्लास्टिक

तीन-चार महिन्यांच्या भाजीला एवढा खटाटोप नको. तिथं प्लास्टिकच्या डब्याची पट्टी आणि पेन्सिल ही जोडी पुरे. दह्याचा, आइस्क्रीमचा डबा, खाद्यतेलाचा पांढरा कॅन, डिस्टेंपरची पांढरी बादली यांपैकी काहीही घ्या. तळाच्या त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर ते प्लास्टिक लवचीक असतं आणि कात्रीला बधतं. ६ आकड्याचे पेले कापतानाच तडकतात, ते सोडून द्या.

पट्ट्या नेहमी उभ्या कापा, वरून तळाकडं. डब्याच्या गोलाईमुळं अशा पट्टीला पन्हळीसारखा किंचित बाक राहतो आणि मातीत खुपसताना ती वाकत नाही. आडव्या कापल्या तर रोवल्यावर केसाच्या बटेसारख्या वळून बसतात. कुंडीसाठी लांबी १५ सेंमी, रुंदी २ सेंमी, एक टोक बाणासारखं. त्यातली ५ सेंमी मातीत. वाफ्यासाठी लांबी २५ सेंमी आणि १० सेंमी मातीत, कारण पाट सोडला की वरची माती मऊ होऊन उथळ पट्टी आडवी होते. पाण्याच्या धारेनं चिखल उडून नाव झाकू नये म्हणून अक्षरं वरच्या टोकाकडून सुरू करा.

हंगाम संपला की पट्टी उपटून धुवा, खोडरबरानं नाव पुसा, परत पॉलिश पेपर मारा. पट्टी वाकवल्यावर पांढरी रेघ उमटू लागली की ती टाकायची वेळ झाली असं समजा. त्याही पुढं ठेवली तर तिचे तुकडे होऊन मातीत मिसळतात आणि ते वेचून काढणं अशक्य असतं. वाढदिवसाच्या नाहीतर निवडणुकीच्या फ्लेक्सचे तुकडे म्हणूनच परड्यात नकोत. उन्हात त्यांचा वरचा थर भुकटी होऊन झडतो आणि आतले धागे उरतात.

बांबू, कौल, कडप्पा

गणपतीच्या मखराच्या किंवा आकाशकंदिलाच्या बांबूच्या कामट्या पट्टीला सुबक दिसतात. पण बांबूच्या आतल्या मऊ भागात पिष्ट असतं आणि त्याला भुंगा लागतो. कामट्या दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, तीन-चार दिवसांनी पाणी बदला, मग सावलीत वाळवा. पाण्यात पिष्ट बरंच निघून जातं. त्यानंतर मातीत जाणारं टोक जवसाच्या तेलात रात्रभर उभं ठेवून आठवडाभर सुकू द्या. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका. इंजिनचं जुनं ऑइल मात्र लावू नका, त्यातली घाण मुळांशी उतरते. एवढं करूनही जांबोटीकडच्या पावसात बांबू दोन पावसाळ्यांवर नेण्याची अपेक्षा ठेवू नये. वाळवी असलेल्या लाल मातीत तर तो टाळलेलाच बरा.

घरावर स्लॅब टाकला की जुनी कौलं मागच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं पडून राहतात. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी अख्खं किंवा अर्धं कौल शोभून दिसतं. शेवाळ काथ्याच्या ब्रशनं घासून काढा आणि चार दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग वरच्या दोन-तृतीयांश भागावर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, पांढरा ऑइल पेंट दोन हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवसाचं अंतर. नाव दोन नंबरच्या ब्रशनं काळ्या रंगात. कौलाची मागची बाजू आणि खालचा भाग कोराच ठेवा. भाजलेली माती जमिनीतलं पाणी वर ओढते. ते पाणी मागून बाहेर पडायला वाट नसेल तर क्षार घेऊन रंगाच्या मागे साठतं आणि रंग फुगून सुटतो. कौल मातीत न पुरता दोन विटांवर टेकवलं तर हा त्रास आणखी कमी होतो.

खानापूर भागात कुंभाराची ओळख असेल तर रंगाची गरजच नाही. चाकावर काम झाल्यावर उरलेल्या मातीच्या गोळ्याची ८ मिमी जाडीची पट्टी थापा, ओली असतानाच काडीनं नाव कोरा, ६ मिमीचं भोक पाडा, आठवडाभर सावलीत वाळवा आणि पुढच्या भट्टीत भाजून घ्या. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, त्यामुळं अक्षरं आणि भोक दोन्ही थोडी मोठी ठेवावी लागतात. उन्हात घाईनं वाळवलेली पट्टी पापडासारखी वाकते.

ओट्याच्या कामातून उरलेला काळा कडप्पा हे तर तयार पाटीसारखंच सामान. सिमेंटमध्ये भोकं पाडायच्या जुन्या ड्रिल बिटचं टोक अतिशय कठीण मिश्रधातूचं असतं. बोथट झालेला बिटही कडप्प्यावर पांढरट रेघ ओढतो. डोळ्यांवर चष्मा लावून, दोन सेंमी उंचीची अक्षरं, दोन-तीनदा गिरवून. एखाद-दोन वर्षांनी खाचेत माती बसून नाव दिसेनासं झालं तर दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलं की परत उजळतं.

उभी कशी करायची, बांधायची कशी

धातूची पट्टी जमिनीत उभी करायला मोडक्या छत्रीच्या काड्या किंवा सायकलच्या चाकाचे स्पोक चांगले. स्पोकला एका टोकाला बाक असतोच, त्याचं पक्कडीनं पूर्ण कडं करून त्यात पट्टी अडकवा. विकतची तार वापरायची तर १० गेजची, ४५ सेंमीचा तुकडा, त्यातली १५ सेंमी मातीत. बांधकामाची बारीक बाइंडिंग तार उभी राहत नाही आणि लवकर गंजते. वरचं टोक नेहमी वळवून कडं करा. खाली वाकून तण काढताना उघडं टोक डोळ्यात जायला वेळ लागत नाही.

झाडावर बांधताना खोडाला कधी आवळू नका. खोड जाड होत जातं, तार सालीत रुतते आणि त्याच्यावरचा भाग सुकतो. कलमाच्या जोडाजवळ तर बांधूच नका. बाजूच्या फांदीला सैल कडी करा, दोन बोटं आत जातील एवढी. त्याहून चांगला उपाय म्हणजे ॲल्युमिनियमची मऊ तार पेन्सिलीवर आठ-दहा वेढे देऊन तिची स्प्रिंग करायची आणि ती फांदीभोवती नुसती अडकवायची. फांदी वाढली की स्प्रिंग आपोआप उघडते. विणकामाच्या मागावरचा पॉलिस्टरचा धागा मजबूत असतो आणि नेमका म्हणूनच सालीला कापतो. कोवळ्या रोपाला जुन्या बनियनच्या कापडाची पट्टी बरी, तीही एका हंगामापुरती.

जागा एकच ठरवा. प्रत्येक कुंडीत आणि वाफ्यात पट्टी उत्तरेच्या कडेला, असं ठरलं की शोधावी लागत नाही. ओळीत पेरणी असेल तर पट्टी ओळीच्या सुरुवातीला आणि नाव तिच्या पुढं असलेल्या पिकाचं, मागच्याचं नव्हे. घरातल्या सगळ्यांना ही खूण माहीत हवी, नाहीतर कोथिंबीर म्हणून मेथी उपटली जाते.

चकाकणारी पट्टी माकडं ओढतात. पत्र्याची पाठ मातकट रंगानं रंगवा किंवा पट्टी पानांच्या आत, आतल्या फांदीला लावा. तरीही एखादी जातेच, म्हणून कलमांची आणि झोपणाऱ्या कंदांची जोडपट्टी ठेवा. कुंडीतल्या झाडाला दुसरी पट्टी कुंडी भरतानाच आतल्या कडेला मातीखाली चार बोटं खोल घाला. जमिनीतल्या सुरणाला, हळदीला गड्ड्याच्या उत्तरेला वीतभर अंतरावर. चुना टाकलेल्या जमिनीत पुरायला ॲल्युमिनियम घेऊ नका, तिथं कडप्प्याचा तुकडा किंवा भाजलेली खापरी घ्या. शिवाय पट्टीच्या मागे एक आकडा कोरा आणि वहीत त्या आकड्यापुढं झाडाची सगळी माहिती लिहा. पट्टीवर मावत नाही ते सगळं, म्हणजे कलम कुठलं, खत कधी घातलं, पहिलं फळ कधी आलं, वहीत राहतं.

या सगळ्याला मे महिना योग्य. माती कोरडी असते, रंग वाळतो, आणि पावसाळ्याच्या आधी सुरण-हळदीच्या रिकाम्या दिसणाऱ्या जागांवर पट्ट्या परत रोवून होतात. त्याच फेरीत फांद्यांवरच्या सगळ्या कड्या बोटानं हलवून बघा. जी हलत नाही ती तिथल्या तिथं कापा आणि एक फांदी सोडून पुढं बांधा.